चपलांची हजेरी

आज सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि भुसकटाचा वास आत आला. खाली नदीच्या अंगाला कुणाचा तरी हार्वेस्टर सुरू झाला होता आणि त्याच्या मागे धुळीचा पिवळा पट्टा हवेत लोंबकळत होता. जुलै संपत आलाय, तीन आठवड्यांत पावसाचा थेंब नाही, टेकडीवरचं गवत हात लावला तर मोडेल असं वाळलंय. अशा दिवशी शहाणी माणसं खांद्यावर टॉवेल टाकून तळ्यावर पोहायला जातात. माझा हात मात्र आपोआप कमरेकडे गेला, मेल्डर जागेवर आहे ना ते बघायला.

मेल्डर म्हणजे काडेपेटीहून जरा मोठी काळी डबी. ती किंचाळली की हातातलं टाकून पळायचं. पगारी बंबवाले मोठ्या शहरात असतात. जर्मनीतल्या येनापासून अर्ध्या तासावरच्या आमच्या एवढ्याशा गावात आग लागली तर गावानेच धावायचं. त्या धावणाऱ्यांना इथे फॉयरवेर म्हणतात. त्यात छपरांवर कौलं घालणारा आहे, पोस्टमन आहे, शेतकरी आहेत, आणि तीन वर्षांपासून नागपूरची एक बाईही आहे, जी एरवी घरी बसून कॉम्प्युटरवर भिंगांची गणितं सोडवते.

मला ओढलं ते आंकेनं. आंके माझ्या मुलीच्या, म्हणजे मैत्रीच्या, शाळेत शिकवते आणि फॉयरवेरची प्रमुख आहे. एका हिवाळ्यात तिनं आमची बेल वाजवली आणि कोट काढायच्या आधीच विचारलं, तू दिवसा घरी असतेस ना? होम ऑफिस? दिवसा गावात माणूसच नसतो, सगळे येनाला कामाला, आणि आग काही संध्याकाळपर्यंत थांबत नाही. मी चहा केला. कप रिकामा होईपर्यंत माझा होकार देऊन झाला होता. रात्री नवऱ्याला सांगितलं तर प्रशांत हसत सुटला. तुझ्या हातून दिवसाआड दूध उतू जातं, म्हणाला, आणि तू आगी विझवणार.

विझवणार म्हटलं की विझवणारच. तो हिवाळा आणि वसंत मी पाइप गुंडाळण्यात, गाठी मारण्यात आणि शिडीवर चढताना खाली न बघण्यात घालवला. परीक्षा पास झाले. लाल दाराच्या स्टेशनात मला एक कप्पा मिळाला, त्यावर माझं नाव, आत जाड जॅकेट, बूट आणि एक हेल्मेट, जे घातलं की आरशातली बाई मलाच ओळखू येईना. मग उन्हाळा आला. मी सांगतेय तो हाच, तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा, असा आनंद आणि अशी फजिती मी पुन्हा कधी एकत्र भोगली नाही.

कारण गाडी एकच आणि जागा सहा. जो आधी पोचेल तो चढेल, गाडी कुणासाठी थांबत नाही. घर जळत असताना पाहुण्याची वाट कोण बघणार? आमचं घर टेकडीवरच्या नव्या वस्तीत, स्टेशन खाली रुळांच्या पलीकडे आणि मधे रेल्वेचं फाटक. शिवाय माझी एक सवय आहे, घरातून निघताना शेगडी बंद केली का ते दोनदा बघायचं. आईनं लावलेली सवय, आजही ती सुटत नाही.

पहिल्या कॉलच्या वेळी मी वरणाला फोडणी देत होते. मोहरी तडतडली आणि त्याच क्षणी कमरेला डबी किंचाळली. पाठोपाठ शाळेच्या छतावरचा भोंगा सुरू झाला, खालून वर चढत जाणारा. मैत्री जर्मनमध्ये ओरडली, की तुझा मेल्डर, तुझा मेल्डर. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं. मी शेगडी बंद केली, बंद केलेली बघितली, पुन्हा बघितली आणि सायकलवर उडी मारली. उतारावर वारा कानात शिरत होता, ओढणी मागे फडफडत होती, लोक कुंपणापाशी उभे राहून बघत होते, आणि मी चाळिशीची बाई मोठमोठ्यानं हसत होते. एवढी मी शाळेच्या शर्यतीतही पळाले नव्हते. मग फाटक पडलं. लाकडाचे ओंडके भरलेली मालगाडी आली आणि मी एकेक डबा मोजत उभी राहिले. स्टेशनात शिरले तेव्हा लाल गाडीची मागची बाजू कोपऱ्यावरून वळत होती.

सातवी.

गाडी गेल्यावर स्टेशन किती रिकामं वाटतं ते तिथे मागे राहिलेल्यालाच ठाऊक. डिझेलचा धूर अजून जमिनीलगत रेंगाळत होता, एका कप्प्याचं दार हलत होतं. आणि कप्प्यांसमोर चपला-बुटांचा नुसता सडा पडला होता. माणसं घरातून जे पायात होतं त्यात धावत आली होती आणि फायरबुटांत पाय घालताना हे सगळं भिरकावून गेली होती. कॉर्कचे सँडल, चिखलाचे बूट, कुणाची आंघोळीची रबरी स्लिपर. त्यातला एक सँडल चक्क पालथा.  उलटी चप्पल घरात भांडण लावते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यात मी लहानपणी दर बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहाराबाहेर चपला सांभाळायला बसलेली मुलगी. शेकडो जोड ओळीत लावायचे, एकाचा पाय दुसऱ्यात जाता कामा नये. हात शिवशिवायला लागले. तो सँडल मी सुलटा केला आणि मग थांबवेनाच. सगळे जोड उचलले, जुळवले, भिंतीकडे टाचा करून एका ओळीत लावले आणि दोन पावलं मागे सरून समाधानानं बघत राहिले. निदान एवढं तरी काम आपण केलं, असं वाटलं.

वायरलेसच्या खोलीतून होर्स्ट बाहेर आले. वय शहात्तर, पूर्वी गाडीत पुढे बसायचे, आता निवृत्त आणि कॉल आला की वायरलेसपाशी. फॉयरवेरमध्ये सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, मीही जर्मनमध्ये करते, पण बाबांच्या वयाच्या माणसाला मराठीत एकेरी लिहायला माझा हात धजत नाही. त्यांनी रिकामी फरशी बघितली, मग भिंतीलगतची माझी सुबक ओळ, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं कुणी गेलंच.

"बुटांना कुणी हात लावला?" त्यांनी विचारलं.

मी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

मग त्यांनी मला बसवून सांगितलं. या स्टेशनात बूट जिथे पडले तिथेच राहतात. तीच हजेरी. गाडीतली माणसं आंके मोजतेच, पण कुणी उशिरा येऊन आपल्या मोटारीनं थेट आगीपाशी जातं, कुणी दुसऱ्या गावाच्या गाडीत चढतं, त्यांची नोंद कुठे होणार? ज्याच्या कप्प्यासमोर बूट आहेत तो बाहेर आहे. परत आला की तो स्वतःच त्यात पाय घालतो, तोवर त्याला कुणी शिवत नाही. एकदा एक जोड दोन आठवडे तसाच राहिला होता, माणूस इस्पितळात होता. भोवतीनं झाडत होते लोक. तो बरा होऊन आला, त्याच जोडात पाय घातला आणि मगच बिअर उघडली गेली. हा नियम की श्रद्धा, मी विचारलं. होर्स्ट म्हणाले, दोन्हींत फरक असलाच पाहिजे का? मी ओशाळून उलट्या चपलेची गोष्ट सांगितली. त्यांनी ती अगदी गंभीरपणे ऐकून घेतली. भांडणं इथेही होतात, म्हणाले, पण आजवर आम्ही दोष बिअरला देत होतो.

त्या दिवशी परतलेले सहा जण अनवाणी उभे राहून आपापले बूट भिंतीच्या ओळीत शोधत होते. कुणी रागावलं नाही, पण पुढचा आठवडाभर बेकरीत कुणीही भेटलं की माझ्या पायांकडे बघून हसायचं.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. बाबा विजेच्या खात्यात लाइनमन होते. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात वादळ झालं की ते ताटावरून उठून जायचे आणि आई झाकलेल्या ताटापाशी बसून राहायची. अन्नावरून उठू नये म्हणतात, पण तार तुटून रस्त्यावर पडली असेल तर कोण भाकरी संपवत बसेल? मला वाटतं माझं हे वेड तिथूनच आलंय. त्या उन्हाळ्यात त्यांचा रोज फोन यायचा आणि रोज एकच प्रश्न.

"काय वं माय, भेटली का आज सीट?"

नाही भेटली, बाबा. जवाच्या कापल्या शेतात आग लागली, मी सातवी. वृद्धाश्रमातला अलार्म वाजला, आत एका आजींनी पाव करपवला होता, मी सातवी. एकदा तर गाडीच भलत्या गावाला निघून गेली, फोन करणाऱ्यानं टेकडीच्या चुकीच्या बाजूचं नाव सांगितलं होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि मी तर बंबातही नाही. प्रशांतनं माझं नावच ठेवलं, वरातीमागून घोडं. मी हसायचे, पण खरं सांगायचं तर आतून झुरत होते. दहा वर्षं या देशात राहून कागद सगळे झाले होते, घर झालं होतं, शेजारी हात करत होते. पण गावावर काही आलं की जी सहा माणसं एका गाडीत बसून जातात, त्यांच्यात मला बसायचं होतं. इतकं साधं होतं ते, आणि इतकं हवं होतं.

दर वेळी मागे राहिल्यानं एक विद्या मात्र आली. होर्स्टनी मला बूट वाचायला शिकवले. नाडी न सोडता काढलेला बूट म्हणजे पोस्टमन, तो चालता चालताच बूट काढतो. दोन्ही टाचा चिकटून म्हणजे आंके, कितीही घाई असो. आणि हिरवे रबरी क्लॉग, म्हणजे जाड, बिनपट्ट्याचे जोडे, टाचेला गाईचं शेण, ते उवेचे. उवे शेतकरी, त्याचं आवार स्टेशनाला लागूनच. गाडी बाहेर असताना आम्ही दोघं खुर्च्या टाकून त्या पसाऱ्यासमोर बसायचो, वायरलेसच्या उघड्या दारातून खरखर ऐकू यायची, आणि मी हात मांडीखाली दाबून धरायचे.

मग तो दिवस आला. कापणी भरात होती आणि सकाळपासून गरम वारा सुटला होता. माझी हॅनोव्हरच्या लोकांशी व्हिडिओवर मीटिंग चालू होती. डबी किंचाळली, पडद्यावर अक्षरं आली, शेताला आग, रानाच्या कडेला. मी "आग" एवढंच म्हणाले आणि खुर्चीतून गेले. ते लोक पंधरा मिनिटं माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते म्हणे. फाटक उघडं होतं. उतारावरूनच धूर दिसला, आधी पांढरा, मग बुडाशी तपकिरी, आणि वाऱ्यानं आडवा झालेला. नळकांड्यातून सोडल्यासारखा तो रानाकडे सरकत होता. हार्वेस्टरचं पातं गारगोटीवर आपटलं, एक ठिणगी उडाली आणि उभा गहू पेटला, हे नंतर कळलं. मी पोचले तेव्हा गाडी निघून गेलेली. रडूच आलं मला, पण रडायला वेळ नव्हता.

होर्स्ट वायरलेसवर होते. आंकेचा आवाज तुटक येत होता. वारा फिरलाय, माणसं शेतातून मागे घेतली, सहाही जण रस्त्यावर आपल्यापाशी आहेत, शेतात कुणी नाही, आता शेजारच्या गावाच्या गाड्या येईपर्यंत रस्त्यावरूनच पाणी मारायचं. होर्स्टनी दारातून मान बाहेर काढून कप्प्यांसमोर बघितलं, सहा जोड मोजले आणि फळ्यावर सहा लिहिलं. सगळं जुळलं होतं.

मी दारात उभी होते, आणि माझी नजर खाली गेली. उंबऱ्याच्या बाहेर, उघड्या लाल दाराच्या आड एक हिरवा क्लॉग पडला होता. पालथा. माझा हात निघालाच होता त्याला सुलटा करायला. वाकले, बोटं रबराला टेकली, आणि तिथेच थांबले. हा इथे का? याचा जोडीदार कुठे? तो अंगणात दहा पावलांवर पडला होता, उवेच्या आवाराच्या दिशेनं. मी उवेचा कप्पा बघितला, जॅकेट नाही, हेल्मेट नाही, फायरबूट नाहीत. कुंपणापलीकडे त्याच्या ट्रॅक्टरची जागा रिकामी.

तो येऊन गेला होता. गाडी चुकली तेव्हा जॅकेट चढवून, फायरबूट काखेत मारून, पळता पळता क्लॉग भिरकावून तो ट्रॅक्टर आणि कुळव घेऊन निघाला होता, रानाच्या कडेनं मातीचा पट्टा उलटवायला, म्हणजे आग झाडांत शिरणार नाही. कुणालाही न सांगता. आणि जिथे तो होता तिथेच आता वारा फिरला होता.

मी आत धावले. "सात," म्हणाले, "होर्स्ट, सात आहेत. उवे वर आहे, ट्रॅक्टरवर."

त्यांनी क्लॉगकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माइक माझ्यापुढे सरकवला. तू पाहिलंस, तू सांग. माझं शिकलेलं सगळं जर्मन त्या क्षणी कुठे पळालं कुणास ठाऊक. मी बटण दाबलं आणि म्हणाले, "आंके, इथे सात जोड आहेत. उवेचे बूट इथे आहेत. तो वरच्या बाजूला, रानाच्या कडेला आहे." पलीकडे नुसती खरखर. मग आंके म्हणाली, समजलं, आणि आवाज बंद झाला.

त्यानंतरची वीस मिनिटं मला आजही मोजून सांगता येतील. होर्स्ट आणि मी त्या एका पालथ्या क्लॉगसमोर बसलो होतो. मला भीती वाटत होती, सरळ साधी भीती. पहिल्या दिवशीसारखं आज कुणी फरशी आवरली असती तर, हे पुन्हा पुन्हा मनात येत होतं. ती आवरणारी मीच होते.  होर्स्टनी उठून फळ्यावरचा सहा पुसून सात लिहिला.

मग वायरलेस बोलला. सापडला. धूर अंगावर आल्यावर त्याला दिशा कळली नव्हती, ट्रॅक्टर चरात गेला होता, तो खाली उतरून उलट्याच बाजूला चालत निघाला होता. दोघांनी पाणी मारत आत जाऊन त्याला बाहेर काढलं. खोकतोय, शिव्या देतोय, म्हणजे ठीक आहे, आंके म्हणाली. होर्स्ट "गेनाऊ", म्हणजे बरोबर, एवढंच पुटपुटले आणि चष्मा पुसायला लागले. रान वाचलं होतं, त्याच्या नांगरलेल्या पट्ट्यापाशी आग येऊन थांबली होती.

उवेला दोन रात्री इस्पितळात ठेवलं. तेवढे दिवस एक क्लॉग दारात आणि एक अंगणात पडून होता. येणारे-जाणारे त्याला वळसा घालून मोटारी लावत होते. तिसऱ्या दिवशी तो मोज्यांवरच आला, दोन्ही क्लॉग पायात घातले आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला. बोलायला अवघडलेला माणूस. म्हणाला, तुझ्यासाठी गाडीत जागा राखून ठेवली असती, पण आल्झो, म्हणजे कसं, नियम नियम आहे. मी म्हटलं, जागा मी घेईन, तू फक्त सांगून जात जा. सगळे हसले, तोही.

कुणी जागा देणार नव्हतंच आणि दिलेली मला नकोही होती. आठवड्याभरानं, अकराच्या सुमाराला डबी पुन्हा किंचाळली. मी कुकरचा गॅस बंद केला आणि सवयीनं वळले, तर प्रशांत दारात उभा होता. म्हणाला, शेगडी मी बघतो, तू जा. मी एकदाही मागे न बघता सुटले. फाटक उघडं. उतार, वळण, रूळ, बेकरीचा वास, लाल दार. आत चार जण कपडे चढवत होते. चार! मी पाय झटकले, निळ्या पट्ट्याच्या माझ्या साध्या स्लिपर उडाल्या, बुटांत पाय, जॅकेट, हेल्मेट, आणि गाडीच्या पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात दिसलं. माझी डावी स्लिपर पालथी पडली होती. हात खरंच मागे ओढला गेला. मग कुणीतरी दंड धरून मला आत घेतलं, दार आपटलं आणि गाडी निघाली. उलटी चप्पल तशीच टाकून मी आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी गेले.

आतला तो आवाज कसा सांगू. डोक्यावर सायरन, बुडाखाली इंजिन, दोन्ही बाजूंना जाड जॅकेटांची कोपरं, ओल्या पाइपांचा आणि जुन्या धुराचा वास, आणि खिडकीतून मागे पळणारं आपलंच गाव. कुंपणापाशी उभे असलेले लोक आज मला आतून दिसत होते. काम काही मोठं नव्हतं. पुलाखाली गवताच्या गाठींची ट्रॉली धुमसत होती. अर्धा तास मी पाइप धरून उभी होते आणि पाण्याचा जोर खांद्यात हिसके मारत होता. एवढंच. पाइप गुंडाळतानाही मी हसत होते.

परतलो तेव्हा मी नखशिखान्त काजळले होते, पण आधी फरशीकडे बघितलं. माझ्या स्लिपर जिथे पडल्या होत्या तिथेच होत्या, इंचभरही सरकलेल्या नाहीत. पण डावी सुलटी होती. काचेपलीकडे होर्स्ट वहीत काहीतरी फार मन लावून लिहीत होते. मी जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली नाही.

"जागेवरून हलवली नाही," ते म्हणाले. "फक्त फिरवली. पहिल्यांदा गेली होतीस, म्हटलं भांडण नको."

मी स्लिपरांत पाय घातले आणि बाबांना फोन लावला.